प्रथिनांची जुनी सोबत सैल होते तेव्हा

प्रश्न : माझं वय ६३. शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. गेली दोन-तीन वर्षं ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि तासाभराने, भलतंच काही करत असताना, आपोआप आठवतं. दोघं एकदम बोलायला लागले की माझा धागा सुटतो. मोठ्या भावाला अल्झायमर आहे, त्यामुळे धास्ती जास्त. परवा वाचनात आलं की वय वाढतं तसे मेंदूच्या पेशींमधल्या प्रथिनांचे आपसातले संबंध बदलतात, आणि तेही कोणताही आजार नसताना. म्हणजे नेमकं काय होतं? पेशी मरतात का? भावाला जे झालं त्याचीच ही सुरुवात आहे का? मुलाने प्रोटीन पावडर आणून दिली आहे, शिवाय रक्ताची एक नवी चाचणी करून घे म्हणतो. एका संस्थेचे हिशेब मी बघते. ते काम आता सोडून द्यावं का?

उत्तर : पेशी मरतात का, हा प्रश्न आधी घेते, कारण तुमच्या काळजीचं मूळ तिथे दिसतं. वय वाढलं की मेंदूतल्या पेशी रोज हजारोंनी मरतात, असं वर्षानुवर्षं बेधडक सांगितलं गेलं. ते मोजणीच्या चुकीतून आलं होतं. प्रयोगशाळेत प्रक्रिया करताना मेंदूचं ऊतक आकसतं, आणि तरुण मेंदूचं ऊतक म्हाताऱ्या मेंदूपेक्षा जास्त आकसतं. त्यामुळे तरुण मेंदूत पेशींची दाटी खरी होती त्याहून जास्त दिसायची आणि म्हातारपणी मोठी घट झाल्याचा भास व्हायचा. पुढे मोजणीची निर्दोष पद्धत आली. बेंटे पाकेनबर्ग आणि हान्स गुंडर्सन या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये २० ते ९० वर्षं वयाच्या माणसांच्या मेंदूंची मोजणी प्रसिद्ध केली. मेंदूच्या बाह्य आवरणातल्या चेतापेशींची या सत्तर वर्षांतली घट सुमारे १० टक्के निघाली. मेंदूत एकूण चेतापेशी ८६ अब्जांच्या आसपास असतात, हे लक्षात घेतलं तर निरोगी म्हातारपण म्हणजे पेशींचा संहार नव्हे, एवढं नक्की.

पेशी तर बहुतेक सगळ्या जागेवर आहेत. मग नावं का अडतात? इथे तुम्ही वाचलेली गोष्ट येते.

प्रथिन एकटं क्वचितच काम करतं. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो सांधा, म्हणजे सिनॅप्स, बघा. निरोपाची रसायनं भरलेली सूक्ष्म पिशवी पेशीच्या कडेला येते आणि रिकामी होते. त्यासाठी सिंटॅक्सिन, स्नॅप-२५ आणि सिनॅप्टोब्रेविन ही तीन प्रथिनं एकमेकांभोवती पीळ घालतात आणि त्या पिळाच्या जोरावर पिशवी कडेला चिकटते. यातलं एक जरी निकामी झालं तरी निरोप जात नाही. बोटॉक्स नावाने ओळखलं जाणारं विष स्नॅप-२५ कापतं, आणि तेवढ्याने स्नायू लुळा पडतो. निरोप घेणाऱ्या बाजूला तर हजाराहून अधिक प्रकारची प्रथिनं दाटीवाटीने एकमेकांना धरून असतात. पीएसडी-९५ नावाचं एक प्रथिन तिथे आधारचौकटीसारखं काम करतं, म्हणजे निरोप पकडणाऱ्या ग्राहींना जागच्या जागी धरून ठेवतं. प्रथिनांचे संबंध म्हणतात ते हेच, अगदी शारीरिक अर्थाने: कोण कोणाला चिकटलंय, किती घट्ट, किती वेळ आणि कुठे.

वय वाढतं तसं हे धरणं-सोडणं बदलतं. त्याची कारणं तीन-चार आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण चेतापेशींच्या स्वभावातच आहे. त्या विभाजित होत नाहीत. त्वचेची पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातला बिघडलेला माल दोन पेशींत वाटला जाऊन विरळ होतो. चेतापेशीला ती सोय नाही. स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ मध्ये एक हुशार युक्ती वापरली. १९५०-६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ एकदम वाढलं आणि नंतर उतरत गेलं. पेशीच्या डीएनएत ते किती आहे यावरून पेशी कधी जन्मली ते सांगता येतं. मेंदूच्या बाह्य आवरणातल्या चेतापेशींचं वय माणसाच्या वयाइतकंच निघालं. तेव्हा तुम्ही पाढे पाठ केलेत त्या पेशी आणि आज हिशेब करता त्या पेशी त्याच.

पेशी त्याच असल्या तरी आतली प्रथिनं बदलत राहतात. उंदराच्या मेंदूत प्रथिनाचं सरासरी आयुष्य नऊ दिवसांच्या आसपास मोजलं गेलंय, यकृतात ते तीनच दिवस असतं. जुनं मोडायचं, नवं बसवायचं, हे अखंड चालू. पण काही प्रथिनं या फेऱ्यात येतच नाहीत. पेशीच्या केंद्रकाला छिद्रं असतात, तिथून आत-बाहेर काय जायचं यावर पहारा असतो, आणि तो पहारा ज्या प्रथिनांच्या कड्याने होतो त्यातली काही प्रथिनं उंदरांच्या चेतापेशींत जवळपास जन्मभर तीच राहतात. मार्टिन हेत्झर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांच्या चेतापेशींत या कड्यातली काही प्रथिनं गळून पडलेली असतात आणि छिद्रं गळकी होतात. एरवी केंद्रकाबाहेर असणारं ट्यूब्युलिन आत सापडलं. सोबतीतला एक गेला, त्याच्या जागी नवा आला नाही, आणि दार नीट लागेना.

जी प्रथिनं टिकतात त्यांनाही काळ लागतोच. रक्तातली साखर कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय त्यांना चिकटते. ऑक्सिजनचे उतावळे रेणू त्यांना पोळतात. ॲस्पराजिन हे अमिनो आम्ल आपोआप रूप बदलतं आणि प्रथिनावरचा विद्युतभार बदलून जातो. जनुकात काहीही बिघडलेलं नसताना प्रथिनाचा पृष्ठभाग असा बदलत जातो, आणि जोडीदाराला धरण्याची जागा पृष्ठभागावरच असते. यातली ॲस्पराजिनची झीज दुरुस्त करणारं एक विकर पेशींत असतं. ते मुळातच नसलेले उंदीर तयार केले तर त्यांना झटके येतात आणि ते तरुणपणीच मरतात. इतकी ही क्षुल्लक वाटणारी दुरुस्ती मेंदूला गरजेची आहे.

आता प्रमाणाचा मुद्दा. गणित शिकवणाऱ्या व्यक्तीला तो इतरांपेक्षा लवकर पटेल. पेशीतली बरीच मोठी कामं प्रथिनांचे संच करतात. नवी प्रथिनं बनवणारा रायबोसोम म्हणजे सुमारे ८० प्रथिनांचा संच, टाकाऊ प्रथिनांचे तुकडे करणारा प्रोटिअसोम हाही संचच. संचात कोणाच्या किती प्रती लागतात ते ठरलेलं असतं. समजा दोन घटक एकास एक लागतात. एकाचे १०० आले आणि दुसऱ्याचे ८०, तर संच ८०च होणार. उरलेले २० नुसते पडून राहिले असते तर चाललं असतं, पण प्रथिनाचा चिकट भाग जोडीदाराअभावी उघडा पडला की ते दिसेल त्याला चिकटतं आणि गुठळ्या होतात.

हे प्रमाण वयाबरोबर ढळतं, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा एका माशाने दिलाय. आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांत राहणारा हा किलीफिश काही महिन्यांतच तरुणपण आणि म्हातारपण उरकतो. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्याला तीस वर्षं थांबायचं नसेल तर याच्यासारखा सोबती नाही. आलेस्सांद्रो ओरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की या माशाच्या मेंदूत वय वाढतं तसं जनुकाचा निरोप, म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना, आणि प्रत्यक्ष बनलेलं प्रथिन यांचं गणित जुळेनासं होतं, आणि रायबोसोमसारख्या संचांतलं प्रमाण बिघडतं. प्रोटिअसोमचं काम मंदावणं ही यातली सुरुवातीची घटना होती. तरुण माशात औषधाने प्रोटिअसोमला थोडं रोखलं तेव्हाही प्रमाण तसंच ढळलं. याच संशोधनाचा पुढचा भाग २०२५ मध्ये आला. म्हाताऱ्या माशाच्या मेंदूत रायबोसोम निरोप वाचता वाचता मध्येच अडतात, विशेषतः धनभारित अमिनो आम्लं पुष्कळ असलेल्या प्रथिनांवर. त्यामुळे नेमकी ती प्रथिनं कमी पडतात, आणि त्यांत रायबोसोमचीच काही प्रथिनं आहेत. दुष्टचक्र कसं बनतं ते इथे दिसतं.

पण मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅल्शियमचं आहे. त्यात एकाच जोडीची कथा आहे, आणि ती सुरुवातीपासून बरीच पुढपर्यंत ठाऊक आहे.

चेतापेशीच्या आत कॅल्शियमचा साठा असतो. तो बाहेर सोडणाऱ्या दाराला रायनोडिन ग्राही म्हणतात. या दाराला एफकेबीपी१बी नावाचं एक छोटं प्रथिन चिकटून असतं आणि ते दाराच्या खिट्टीसारखं काम करतं, म्हणजे दार हवं तेव्हाच उघडावं, उगाच किलकिलं राहू नये. हिप्पोकॅम्पस या नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात वयाबरोबर हे छोटं प्रथिन कमी होत जातं. मग कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त सुटतं. जास्त कॅल्शियममुळे पेशी एकदा संदेश दिल्यावर जास्त वेळ शांत राहते, तिला लगेच पुन्हा पेटता येत नाही. म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधली ही लांबलेली विश्रांती फिलिप लँडफील्ड यांनी १९८४ मध्येच नोंदवली होती. कारणातला मोठा दुवा कळायला पुढची पंचवीसेक वर्षं गेली. २०११ मध्ये त्यांच्या गटाने तरुण उंदरांत एफकेबीपी१बीचं काम बिघडवलं, तर पेशी म्हाताऱ्यासारख्या वागायला लागल्या. २०१५ मध्ये उलटा प्रयोग केला. वय होत आलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विषाणूच्या मदतीने या प्रथिनाचं जनुक पोचवलं. कॅल्शियम ताळ्यावर आलं आणि पाण्यातली लपलेली जागा शोधण्याच्या परीक्षेत हे उंदीर त्यांच्या वयाच्या इतर उंदरांपेक्षा चांगले निघाले.

या प्रयोगात एकही नवी पेशी जन्मली नाही की कोणता गाळ उपसला गेला नाही. दोन प्रथिनांची सैल झालेली जोडी पुन्हा बांधली, एवढंच झालं. म्हातारपणाच्या विसरण्यातला काही भाग तरी झिजून गेलेला नसतो, सुटलेला असतो, हे यातून दिसतं.

तुमचा धागा सुटतो त्याचंही असंच काहीसं आहे. कपाळामागच्या मेंदूत काही पेशी अशा असतात की ज्या गोष्टीकडे तुम्ही या क्षणी बघत नाही आहात ती मनात धरून ठेवण्यासाठी त्या तेवत राहतात. येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टन यांच्या गटाने २०११ मध्ये माकडांमध्ये मोजलं की वय वाढतं तसं हे तेवणं मंदावतं. पेशीतला एक रासायनिक संकेत वाजवीपेक्षा जोरात चालतो, त्यामुळे काही विद्युतमार्ग उघडे राहतात आणि पेशीची ताकद तिथून झिरपून जाते. ते मार्ग औषधाने बंद केल्यावर म्हाताऱ्या माकडांच्या पेशी पुन्हा तेवू लागल्या. त्यातलंच एक औषध, ग्वानफॅसिन, पुढे ७५ वर्षांवरच्या माणसांना १२ आठवडे देऊन पाहिलं. काही फरक पडला नाही. उंदरा-माकडांच्या बातम्या वाचताना ही गोष्ट हाताशी असू द्या. त्यांना मिळालेल्या बऱ्याच सवलती आपल्याला अजून मिळायच्या आहेत.

आता भावाचा प्रश्न. सामान्य म्हातारपण आणि अल्झायमर हे एकाच रस्त्यावरचे दोन मुक्काम आहेत का?

अल्झायमरमध्येही प्रथिनांचीच गडबड आहे, त्यामुळे दोन्ही सारखं वाटणं साहजिक आहे. पण सुरुवात वेगळ्या जागी होते. अल्झायमर आधी एन्टोरायनल कॉर्टेक्स या पट्ट्यात हात घालतो. सामान्य वयाचा परिणाम त्याच्या शेजारी, हिप्पोकॅम्पसमधल्या डेंटेट गायरस या भागावर जास्त दिसतो. एरिक कँडेल, ज्यांना स्मृतीवरच्या कामासाठी २००० चं नोबेल मिळालं, त्यांच्या आणि स्कॉट स्मॉल यांच्या गटाने २०१३ मध्ये याच फरकाचा उपयोग केला. मेंदूचा कोणताही आजार नसलेल्या, ३३ ते ८८ वर्षं वयाच्या माणसांचे मृत्यूनंतर मिळालेले मेंदू घेऊन त्यांनी डेंटेट गायरस आणि एन्टोरायनल कॉर्टेक्स यांची तुलना केली. आरबीएपी४८ नावाचं प्रथिन डेंटेट गायरसमध्ये वयाबरोबर कमी होत होतं. हे प्रथिन सीबीपी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या सोबतीने काम करतं आणि दोघं मिळून आठवणीसाठी लागणारी जनुकं वाचायला मोकळी करून देतात. तरुण उंदरांत ते दाबलं तेव्हा ते म्हाताऱ्यांसारखे विसरले, म्हाताऱ्यांत वाढवलं तेव्हा सुधारले. म्हणजे इथे अल्झायमरमध्ये पेशींबाहेर साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचे थर नाहीत, पेशींच्या आत होणाऱ्या टाऊ प्रथिनाच्या गाठी नाहीत, फक्त एका जोडीतला एक गडी कमी पडलाय.

दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी असू शकतात, हे मात्र खरं. स्मरणशक्ती ठीक असलेल्या माणसांतही अमायलॉइड साचलेलं सापडतं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार असं प्रमाण पन्नाशीत १० टक्के असतं आणि नव्वदीत ४४ टक्के. त्यातल्या अनेकांना आयुष्यात कधीच स्मृतिभ्रंश होत नाही. सख्ख्या भावाला आजार असल्यामुळे तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त आहे, ते मी लपवणार नाही. त्यांचा आजार साठीच्या आधीच सुरू झाला असेल आणि आई-वडिलांपैकी कोणाला तसाच लवकर झाला असेल, तर न्यूरॉलॉजिस्टशी आनुवंशिकतेबद्दल बोलणं योग्य ठरेल. उतारवयात सुरू झाला असेल तर धोका वाढतो, नशीब ठरत नाही.

लक्षणांतला फरकही बघा. नाव अडतं आणि नंतर स्वतःहून आठवतं, याचा अर्थ आठवण शाबूत आहे, तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. आजारात आठवण बनलेलीच नसते. कालची भेट कोणी खुणा सांगून आठवून दिली तरी ती झाल्याचं आठवत नाही. तोच प्रश्न अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारला जातो, आणि आपण विचारला होता हे त्या माणसाला ठाऊक नसतं. तुम्ही स्वतः तक्रार घेऊन आलात, तपशिलांसह लिहिलंत, ही चांगली बाजू. घरच्यांना काळजी वाटतेय आणि माणूस मात्र ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतोय, असं चित्र असतं तर मी जास्त सावध झाले असते.

म्हातारपणात मेंदू नुसता गमावत नाही, हेही थोडं सांगते. ब्रूस यँकनर यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की रेस्ट नावाचं प्रथिन निरोगी वृद्धांच्या चेतापेशींत तरुणांपेक्षा वाढलेलं असतं. ते पेशीला मरणाकडे नेणारी जनुकं मिटवून ठेवतं. अल्झायमर झालेल्यांत मात्र ते केंद्रकातून जवळपास नाहीसं झालेलं होतं. पेशी वयानुसार नवी तजवीज करते, असा याचा अर्थ. मघाशी सांगितलेल्या पीळ घालणाऱ्या प्रथिनांचा अभ्यासही वृद्धांच्या मेंदूंत मृत्यूनंतर झालाय. ज्यांच्यात सिनॅप्सची ही प्रथिनं भरपूर होती आणि एकमेकांना नीट धरून होती, त्यांची हयातीतली बुद्धी चांगली राहिली होती, आणि मेंदूत आजाराच्या खुणा असूनही हा फरक दिसत होता. उतारवयात जास्त हालचाल करणाऱ्यांच्या मेंदूंत ही प्रथिनं जास्त आढळली, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. यावरून चालण्यामुळेच ती वाढली असं सिद्ध होत नाही, कारण ज्यांचा मेंदू धड तेच जास्त फिरत असतील. पण चालायचा तोटा काहीच नाही, म्हणून मी या पुराव्याकडे जरा उदारपणे बघते.

पावडरीचं उत्तर छोटं आहे. खाल्लेलं प्रथिन पोटात आणि आतड्यात सुटं होऊन अमिनो आम्लं बनतं. ते कोणत्या प्राण्याचं, कोणत्या डब्यातलं, हे चेतापेशीला कळत नाही. पेशीला कच्चा माल कमी पडलाय असं नाही. अडचण आहे ती घडण, जुळणी आणि विल्हेवाट यांत, आणि तिथे चमचाभर पावडर पोचत नाही. जेवण कमी झालं असेल, स्नायू उतरले असतील, तर डॉक्टरांना विचारून घ्या, ते स्नायूंसाठी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. ‘स्मरणशक्तीसाठी’ असं लिहिलेल्या कोणत्याही डब्यावर पैसे घालू नका. मुलाला वाईट वाटणार असेल तर हा परिच्छेद त्याला वाचायला द्या.

रक्तचाचणीबद्दल त्याला थोडं थांबायला सांगा. टाऊ प्रथिनाचं एक बदललेलं रूप रक्तात मोजून मेंदूत अमायलॉइड आहे का याचा अंदाज बांधणाऱ्या चाचण्या आता आल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. पण त्या लक्षणं असलेल्या माणसासाठी, तज्ज्ञाच्या तपासणीला जोड म्हणून आहेत. लक्षणं नसलेल्या माणसाने उत्सुकतेपोटी केली आणि ती सकारात्मक आली, तर वर सांगितलेल्या १० ते ४४ टक्क्यांतली ती व्यक्ती पुढे आजारी पडेल की नाही हे चाचणी सांगत नाही. झोप मात्र उडते. आणि सामान्य वयामुळे सैल झालेल्या जोड्या या चाचणीत दिसतच नाहीत. जिवंत माणसाच्या मेंदूत कोणतं प्रथिन कोणाला धरून आहे हे रक्ताच्या थेंबावरून सांगणारी चाचणी आज कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. कोणी तसं विकत असेल तर पाकीट खिशात ठेवा.

त्याऐवजी एका साध्या तपासणीला जा. व्हिटॅमिन बी-१२ आणि थायरॉइड बघून घ्या, दोन्हींच्या कमतरतेने विसरायला होतं आणि दोन्ही सुधारता येतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, लघवी रोखण्याची काही औषधं आणि झोपेच्या गोळ्या उतारवयात स्मरणशक्ती मंद करू शकतात. सिनॅप्सचा निरोपच अडवतात म्हटलं तरी चालेल. रक्तदाब आणि साखर ताब्यात असू दे. साखर प्रथिनांना चिकटते हे आता तुम्हाला ठाऊक आहे. घोरता का आणि झोपेत श्वास अडतो का, ते घरच्यांना विचारा. मन उदास असेल तर तेही सांगा, कारण नैराश्य विसराळूपणाचं सोंग फार हुबेहूब घेतं.

आणि कान तपासा. दोघं एकदम बोलले की धागा सुटतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याची सुरुवात कानातही असू शकते. शब्द ओळखण्यातच मेंदूचा जोर खर्च झाला तर लक्षात ठेवायला उरत नाही. लॅन्सेटच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या १४ टाळता येण्याजोग्या कारणांची यादी केली. त्या सगळ्यांना आवर घातला तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबणीवर टाकता येतील असा त्यांचा अंदाज आहे. ऐकू कमी येणं त्या यादीत ठळकपणे आहे. लोक चष्मा आनंदाने लावतात आणि श्रवणयंत्राला मात्र वर्षानुवर्षं टाळतात, हे मला कधी समजलेलं नाही.

सगळं ठीक निघालं तर न्यूरॉलॉजिस्टकडे आत्ताच जायची घाई नाही. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकलात, ठरलेल्या भेटी पूर्ण विसरायला लागलात, नेहमीच्या वस्तूंची नावंच सुचेनाशी झाली, किंवा वागणं बदललंय असं घरचे म्हणाले, तर जा, आणि एकट्या जाऊ नका. रोज बरोबर असणाऱ्या कोणाला तरी सोबत न्या. डॉक्टरांना त्या माणसाचं म्हणणं तुमच्या म्हणण्याइतकंच लागतं.

हिशेबाचं काम सोडू नका. वयाबरोबर वेग कमी होतो आणि दोन कामं एका वेळी करणं जड जातं, पण वर्षानुवर्षांची समज आणि शब्दसंपत्ती साठीतही टिकून असते, हे लोकांची अनेक दशकं मोजणी करणाऱ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तुम्हाला आकडेमोड येत नाही अशी अडचण नाही, गडबडीत जमत नाही अशी आहे. तेव्हा हिशेब सकाळी करा, फोन बाजूला ठेवून, दुसरं कोणी खोलीत बोलत नसताना, आणि पूर्वी लागायचा त्याच्या दीडपट वेळ धरून. एक व्यवस्था मात्र आजपासून लावा. दर महिन्याचा ताळेबंद संस्थेतल्या दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या आणि सापडलेल्या चुका तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. पैशांच्या व्यवहारातल्या चुका हे स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असतं. वर्षभरात वही जवळपास कोरी राहिली तर तुम्हाला माझ्या शब्दावर विसंबायची गरज उरणार नाही, आणि चुका वाढत गेल्या तर ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. एखाद्या महागड्या चाचणीपेक्षा त्यांना तिचा जास्त उपयोग होईल.